घरापासून दूर दोन वर्षे: मॉर्मन मिशनरी तरुणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला असलेल्या लीहाय या गावात आम्ही बरीच वर्षे राहत आहोत. संगणक कंपन्यांच्या नोकऱ्यांमुळे या भागात मराठी कुटुंबे सतत येत असतात. घर, शाळा आणि वाहन परवाना हे तीन प्रश्न सुटले की त्यांचा चौथा प्रश्न बहुधा शेजाऱ्यांच्या मॉर्मन धर्माविषयी, आणि त्यातही त्या धर्माच्या प्रचारासाठी परगावी जाणाऱ्या मुलांविषयी असतो. आम्ही या चर्चचे सदस्य नाही आणि होण्याचा विचारही नाही. मात्र आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातला मुलगा दोन वर्षे फिलिपिन्समध्ये मिशनवर होता, आणि त्याचे जाणे, त्या काळातले त्याच्या घरचे वातावरण आणि त्याचे परतणे आम्ही जवळून पाहिले. खालील उत्तरे त्या अनुभवावर, येथील मित्रांशी झालेल्या बोलण्यावर आणि सर्वांना ठाऊक असलेल्या माहितीवर आधारलेली आहेत.

दारात पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळा बिल्ला लावलेली दोन मुले आली होती. ती कोण?

ती या चर्चची पूर्णवेळ मिशनरी मुले. बिल्ल्यावर आडनावाआधी 'एल्डर' असे लिहिलेले असते. एल्डर म्हणजे वडीलधारा. समोर उभ्या असलेल्या मुलाला नीट मिसरूडही फुटलेले नसते, त्यामुळे हा शब्द प्रथम वाचताना हसू येते, परंतु ती वयाची नव्हे तर धार्मिक अधिकाराची पदवी आहे. मुलींच्या बिल्ल्यावर 'सिस्टर' असते. मुलगे 24 महिने जातात आणि मुली 18 महिने. मिशनवर जाण्याचे किमान वय 2012 मध्ये मुलग्यांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 वर आणण्यात आले, आणि त्यानंतर मुलींचे प्रमाण एकदम वाढले. 2025 मध्ये मुलींसाठीही ते 18 करण्यात आले. आज जगभरात असे 70 हजारांहून अधिक तरुण-तरुणी काम करत आहेत. मुलग्यांकडून मिशनची अपेक्षा धार्मिक कर्तव्य म्हणून केली जाते, मुलींना मात्र ते ऐच्छिक असते. आमच्या पाहण्यात तरी स्वेच्छेने गेलेल्या मुलींचा निर्धार जास्त पक्का दिसला.

त्यांना 'मॉर्मन' म्हटलेले चालते का?

चर्चचे पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. चर्चचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 2018 मध्ये पूर्ण नावच वापरण्याचा आग्रह धरला, त्यामुळे समोरासमोर बोलताना 'तुमचे चर्च' एवढे म्हटलेले बरे. मराठी वाचकाला ओळख पटावी एवढ्यासाठीच येथे जुना शब्द ठेवला आहे.

मिशनरी म्हटले की आम्हाला नगरची शाळा आणि मिरजेचे इस्पितळ आठवते. हे तसेच का?

नाही, आणि हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढचे काहीच नीट कळणार नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी ठाणे केले. ते शिकलेसवरलेले पाद्री, डॉक्टर आणि शिक्षक होते. अनेकांनी उभे आयुष्य तेथे घालवले, शाळा काढल्या, मराठीत पुस्तके लिहिली. मॉर्मन मिशनरी म्हणजे बारावी झालेला मुलगा. त्याच्याकडे धर्मशास्त्राची पदवी नसते, त्याला पगार नसतो, तो कोणती संस्था काढत नाही, एका गावात काही महिन्यांहून अधिक काळ राहत नाही, आणि दोन वर्षांनी कॉलेजात जाऊन पुढचे शिक्षण सुरू करतो. या चर्चमध्ये स्थानिक पातळीवर पगारी पाद्री नसतातच. वॉर्ड, म्हणजे स्थानिक मंडळी, सांभाळणारा बिशप दिवसभर दुसरी नोकरी करतो. आमच्या भागातल्या वॉर्डाचा बिशप दंतवैद्य आहे. अशा व्यवस्थेत प्रत्येक तरुणाने दोन वर्षे धर्माच्या कामात काढणे हे काहीसे उमेदवारीसारखे असते. उद्याचा बिशप त्यातूनच तयार होतो.

कोठे जायचे हे मुलगा ठरवतो का?

मुळीच नाही. मुलगा अर्ज करतो, वैद्यकीय तपासणी होते, बिशप आणि त्यांच्या वरचे स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे अनेक वॉर्डांच्या गटाचे (स्टेकचे) प्रमुख, त्याची मुलाखत घेतात. त्यानंतर सॉल्ट लेक सिटीतील मुख्यालयात बारा प्रेषितांपैकी एक जण त्याचे ठिकाण ठरवतो. हा निर्णय प्रार्थनेतून मिळालेल्या प्रेरणेने होतो अशी त्यांची श्रद्धा आहे, त्यामुळे ठिकाण बदलून मागण्याची पद्धत नाही. बोलावण्याचे पत्र पूर्वी टपालाने मोठ्या पांढऱ्या पाकिटात येत असे, आता ते संगणकावर उघडते.

शेजारच्या मुलाचे पत्र उघडण्याच्या संध्याकाळी आम्हालाही बोलावणे होते. बैठकीच्या खोलीत चाळीसेक माणसे दाटीवाटीने बसली होती, भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता आणि प्रत्येकाने आपापल्या अंदाजाप्रमाणे त्यावर टाचणी टोचायची होती. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या माझ्या आईने टाचणी थेट नागपुरावर टोचली. मुलाने पत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि 'फिलिपिन्स' या शब्दाशी त्याचा आवाज अडकला. त्याच्या आईने टाळ्या वाजवल्या, मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. "बारावीचा निकाल आणि मुलीची पाठवणी एकाच वेळी," असे माझी आई घरी परतताना म्हणाली, आणि मला याहून नेमके वर्णन सुचलेले नाही.

खर्च कोण करते?

मुलगा आणि त्याचे कुटुंब. जुलै 2020 पासून अमेरिकेतून जाणाऱ्यांना दरमहा 500 डॉलर भरावे लागतात, म्हणजे दोन वर्षांचे 12 हजार डॉलर होतात. त्याआधी अनेक वर्षे ही रक्कम 400 डॉलर होती. टोकियोला जा की ग्वाटेमालाला, भरायची रक्कम सारखीच. सगळे पैसे एकत्र होतात आणि ज्या त्या ठिकाणच्या गरजेप्रमाणे घरभाडे, जेवण आणि प्रवास यांसाठी वाटले जातात. गरीब देशांतील मुलांना चर्चच्या निधीतून मदत मिळते. येथील मुले लहानपणापासून बर्फ उपसून, गवत कापून मिशनसाठी पैसे साठवतात. शेजारच्या मुलाची बरणी शेंगदाण्याच्या लोण्याची होती आणि ती त्याच्या खिडकीत वर्षानुवर्षे आम्हाला दिसत असे.

दोन महिन्यांत परकी भाषा येते?

पुरती येत नाही, पण बोलण्याची भीड चेपते. युटातील प्रोव्हो येथे मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मनिला, साओ पाउलो, मेक्सिको सिटी, आक्रा अशा शहरांतही केंद्रे आहेत. मातृभाषेतच काम करायचे असेल तर प्रशिक्षण दोन-तीन आठवड्यांत संपते. नवी भाषा शिकायची असेल तर साधारण सहा ते नऊ आठवडे लागतात. शिकवणारे बहुधा नुकतेच मिशनवरून परतलेले विद्यार्थी असतात. पहिल्या काही दिवसांतच मोडक्यातोडक्या नव्या भाषेत प्रार्थना करायला लावतात, आणि व्याकरणाआधी देवाशी बोलायचे शब्द शिकवतात. आमच्या शेजाऱ्याला सेबुआनो ही भाषा मिळाली. तेथे पोहोचल्यावर पहिला महिनाभर लोक हसले की आपणही हसायचे एवढेच आपण करत होतो, असे त्याने नंतर सांगितले. खरी भाषा तो रिक्षासारख्या तिचाकीत बसून आणि दुकानाच्या फळीवर कोपर टेकून शिकला.

दिवस कसा जातो?

घड्याळाच्या काट्यावर. परंपरेने ठरलेले वेळापत्रक असे: सकाळी साडेसहाला उठणे, गुडघे टेकून प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, आंघोळ आणि न्याहारी. आठ ते नऊ प्रत्येकाने स्वतंत्रपणे धर्मग्रंथ वाचायचा, नऊ ते दहा जोडीदाराबरोबर त्या दिवशी कोणाला काय शिकवायचे याची तयारी करायची, आणि दहाला घराबाहेर पडायचे. भाषा नवी असेल तर तिच्या अभ्यासाचा वेळ वेगळा काढावा लागतो. रात्री नऊ-साडेनऊला परत यायचे, साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून या वेळांत देशाच्या रीतीप्रमाणे थोडी मोकळीक देण्यात आली आहे, मात्र झोपेचे आणि अभ्यासाचे तास सहसा सोडत नाहीत.

बाहेर पडल्यावर नेमके काय करतात, याचे प्रामाणिक उत्तर म्हणजे बहुतेक वेळ चालतात. ठरलेली भेट असेल तर त्या घरी जातात. घराला कुलूप असते, किंवा आतून लहान मूल सांगते की आई घरी नाही, आणि मागे आईचा आवाज ऐकू येत असतो. मग पुढचे घर. वॉर्डातील एखाद्या म्हातारीच्या अंगणातले लाकूड फोडून देणे, कोणाचे सामान हलवणे, पूर ओसरल्यावर चिखल उपसणे हीसुद्धा रोजच्या कामात धरलेली कामे आहेत. आमच्या पहिल्या हिवाळ्यात, युटात काम करणाऱ्या अशाच दोन मिशनरी मुलांनी, टाय न सोडता, आमच्या गाडीमागचा गुडघाभर बर्फ उपसून दिला होता आणि आपल्या धर्मग्रंथाचे नावही काढले नव्हते.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, तयारीचा दिवस असतो. कपडे धुणे, बाजार, केस कापणे, फुटबॉल आणि घरी पत्र लिहिणे हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उरकायचे. दूरदर्शन, सिनेमा, पोहणे आणि मुलींबरोबर फिरणे हे दोन्ही वर्षे वर्ज्य असते. विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीशी संबंध हस्तांदोलनापुरता. फोन असतो, पण तो कामासाठी.

आंघोळीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिलिपिन्सहून आलेल्या पहिल्याच पत्राने शेजारीण काळजीत पडली आणि आमच्याकडे आली: घरात शॉवर नाही, बादलीत पाणी भरून दांड्याच्या प्लॅस्टिकच्या भांड्याने अंगावर ओतावे लागते, त्याला 'ताबो' म्हणतात, अशाने माणूस स्वच्छ होतो का? माझ्या आईने तिला हाताला धरून आमच्या न्हाणीघरात नेले, बादली दाखवली, प्लॅस्टिकचा मगही दाखवला. "म्हणजे तांब्याच की!" एवढेच आई मराठीत म्हणाली, आणि भाषांतराची गरज पडली नाही.

चोवीस तास जोडीदाराबरोबर राहायचे म्हणजे काय?

म्हणजे शब्दशः तेच. न्हाणीघर सोडले तर दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात राहायचे, एकाच खोलीत पण वेगळ्या खाटांवर झोपायचे, बाजारातही बरोबरच जायचे. जोडीदार निवडता येत नाही. तो मिशन प्रेसिडेंट ठरवतो. मिशन प्रेसिडेंट म्हणजे आपला उद्योगधंदा बाजूला ठेवून पत्नीसह तीन वर्षांसाठी आलेला मध्यमवयीन सदस्य, आणि त्या भागातल्या शे-दीडशे किंवा अधिक मुलांचे पालकत्व त्या दोघांकडे असते. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कोणी जागेवर राहतो, कोणी दुसऱ्या गावी जातो. बदलीची बातमी कळण्याचा दिवस हा या मुलांच्या आयुष्यातला सर्वांत चर्चेचा दिवस असतो.

बाहेरच्या माणसाला येशूविषयीची शिकवण हा मिशनचा गाभा वाटतो. आमचे मत निराळे आहे. अठराव्या वर्षापर्यंत स्वतःच्या खोलीत वाढलेल्या मुलाला, जो घोरतो, जो भांडी घासत नाही, जो टोंगाहून किंवा मनिलाहून आला आहे आणि ज्याची विनोदाची कल्पनाच वेगळी आहे, अशा माणसाबरोबर सहा आठवडे न भांडता काढावे लागतात, आणि रोज रात्री त्याच्याच शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करावी लागते. शेजारच्या मुलाच्या एका जोडीदाराने तीन आठवडे कामापुरतेच शब्द उच्चारले. कारण नंतर कळले: त्याच्या वडिलांचे आजारपण घरच्यांनी त्याच्यापासून लपवले होते आणि ते त्याला दुसऱ्याकडून समजले होते. हे कळले त्या रात्री दोघे भात आणि सुकी मासळी खात उशिरापर्यंत बोलत बसले, आणि साडेदहाचा नियम मोडला. दोन वर्षांत मोडलेला तो एकच नियम असे तो सांगतो. आम्ही त्यावर विश्वास ठेवायचे ठरवले आहे.

घरची आठवण आली तर काय करतात?

2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला, असे. बाकी वेळ पत्रे आणि ईमेल. आता दर आठवड्याला तयारीच्या दिवशी कुटुंबाशी बोलता येते, चेहराही पाहता येतो. फिलिपिन्सचे घड्याळ हिवाळ्यात युटाच्या पंधरा तास पुढे असते, त्यामुळे तेथील सोमवारची सकाळ म्हणजे येथील रविवारची संध्याकाळ. दोन वर्षे रविवारी सहाच्या सुमारास शेजारच्या घरातून मोठ्या आवाजात बोलणे ऐकू येई, कारण आजोबांना वाटे की अंतर एवढे आहे तर ओरडायलाच हवे.

ही सवलत चांगली की वाईट यावर येथे मतभेद आहेत. जुन्या पिढीचे लोक म्हणतात की तुटल्याशिवाय रुजत नाही. त्यांच्यात सांगितली जाणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे 1995 ते 2008 या काळात चर्चचे अध्यक्ष झालेले गॉर्डन हिंकली 1933 मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन येथे मिशनवर होते. कोणी ऐकून घेत नव्हते, प्रकृतीही ठीक नव्हती. मी माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवतो आहे, असे त्यांनी वडिलांना लिहिले. वडिलांच्या उत्तराचा आशय एका ओळीत मावणारा होता: स्वतःला विसर आणि कामाला लाग. हे उत्तर येथील घराघरांत सुभाषितासारखे उद्धृत होते. आम्हाला मात्र असे वाटते की ते उत्तर हिंकली यांना लागू पडले म्हणून प्रत्येकाला पडेलच असे नाही. चिंता आणि नैराश्य यांनी खरोखर आजारी पडणारी मुले असतात आणि त्यांना कामाला लावून भागत नाही. आता समुपदेशकाशी बोलण्याची सोय मिशनमध्ये केली जाते, ही चांगली गोष्ट आहे.

ते चहा का घेत नाहीत?

चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 1833 मध्ये सांगितलेल्या आरोग्यविषयक उपदेशात मद्य, तंबाखू आणि 'गरम पेये' वर्ज्य आहेत. गरम पेये म्हणजे चहा आणि कॉफी असा अर्थ लावला जातो, त्यामुळे थंड केलेला चहाही चालत नाही, पण गरम कोको चालतो. शीतपेयांना बंदी नाही, आणि युटात दर चौकात सोडा विकणारी दुकाने का आहेत याचे कोडे येथे उलगडते. घरी आलेल्या मुलांना कोकम सरबत, पन्हे, हळदीचे दूध द्यावे. चहाची पूड न घालता नुसती गवती चहाची पाती उकळून दिलेलीही चालते; फक्त तिला चहा म्हणू नये, नाहीतर बिचारी मुले कप हातात धरून संकटात पडतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते उपवास करतात: दोन वेळचे जेवण नाही, पाणीही नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांच्या निधीला. हे ऐकून माझ्या आईने साबुदाणा, वरई, रताळे यांची चौकशी केली. काहीच नाही म्हटल्यावर तिचा त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

ते नेमके काय शिकवतात?

थोडक्यात असे. येशूने स्थापन केलेले चर्च कालांतराने भ्रष्ट झाले. 1820 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाला देवाचे आणि येशूचे दर्शन झाले. पुढे एका देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरील मजकुराचे भाषांतर 'बुक ऑफ मॉर्मन' म्हणून 1830 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी 6 एप्रिलला चर्चची पुनःस्थापना झाली. आजही देव एका जिवंत संदेष्ट्याद्वारे बोलतो. माणूस जन्मापूर्वी देवापाशी होता, आणि चर्चच्या मंदिरात विधीने एकमेकांशी जोडली गेलेली कुटुंबे मृत्यूनंतरही एकत्र राहतात. इतर अनेक ख्रिस्ती पंथांना यातील बराच भाग मान्य नाही, आणि त्यामुळे हे लोक ख्रिस्ती आहेत की नाहीत हा वाद जुना आहे. ते स्वतःला निःसंशय ख्रिस्ती म्हणवतात.

मिशनरी मुले वादविवाद करत नाहीत, किंबहुना तशी तयारीच त्यांच्याकडे नसते. ती म्हणतात की हे पुस्तक वाचा आणि ते खरे आहे का हे देवालाच विचारा. उत्तर मनातल्या शांत, ऊबदार जाणिवेतून मिळते अशी त्यांची धारणा आहे. मग ते आपली 'साक्ष' देतात, म्हणजे हे मला खरे असल्याचे कळले आहे असे साध्या शब्दांत सांगतात. आपल्याकडच्या माणसाला यात 'अनुभवाचे बोल' ओळखीचे वाटतील. फरक असा की तुकोबांचा अनुभव आयुष्यभराचा होता आणि येथे अठरा वर्षांच्या मुलाकडून त्याची अपेक्षा पहिल्या दिवसापासून केली जाते.

बहुपत्नीत्वाचे काय? असे प्रश्न विचारले तर त्यांना राग येतो का?

राग येत नाही. त्यांना ते रोज विचारले जातात. चर्चने बहुपत्नीत्व 1890 मध्ये अधिकृतपणे थांबवले, आणि आज तसे करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकले जाते. युटाच्या डोंगराळ भागात अजून ती चाल पाळणारे गट या चर्चपासून फुटलेले आहेत. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना धार्मिक अधिकार न देण्याचा नियम 1978 पर्यंत होता, आणि आमच्या मते हा प्रश्न बहुपत्नीत्वापेक्षा अधिक अवघड आहे. घाना किंवा नायजेरिया येथे जाणाऱ्या गोऱ्या मुलाला त्याचे उत्तर द्यावे लागते, आणि पाठ केलेल्या उत्तराने तेथे काम भागत नाही.

मुलाची स्वतःची श्रद्धा डळमळली तर?

डळमळते. लहानपणापासून जे ऐकले ते प्रथमच अनोळखी माणसासमोर, परक्या भाषेत, सोपे करून सांगावे लागते आणि सांगता सांगता आपला स्वतःचा त्यावर किती विश्वास आहे हे त्याला कळू लागते. काहींची श्रद्धा येथेच पक्की होते. काही जण मुदत पुरी करतात आणि नंतर हळूच दूर होतात. काही जण मध्येच परततात, कधी आजारपणामुळे, कधी मन न लागल्यामुळे. लवकर परतलेल्याकडे वॉर्डात पाहण्याची जी नजर असते ती, चर्चचे नेते काहीही सांगोत, अजून पुरती निवळलेली नाही. आमच्या ओळखीचा एक मुलगा पाचव्या महिन्यात घरी आला. त्याच्या आईने त्याचे स्वागत त्याच फुग्यांनी आणि त्याच फलकाने केले जे चोवीस महिन्यांनंतर लावायचे ठरले होते. ती या गावातील सर्वांत शहाणी बाई आहे असे आमचे मत आहे.

शेजारच्या मुलाने एका पत्रात लिहिलेली गोष्ट त्याच्या आईने आम्हाला वाचून दाखवली होती. आठ महिन्यांत त्याच्या शिकवण्याने एकाही माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. रोज सकाळी एकच उतारा वाचत असताना एके दिवशी त्याच्या लक्षात आले की आपण लोकांसाठी प्रार्थना करणे कधीच थांबवले आहे, फक्त आकड्यांसाठी करतो आहोत. त्या दिवसापासून त्याने आठवड्याच्या अहवालात आकडे लिहिले, पण प्रार्थनेत माणसांची नावे घ्यायला सुरुवात केली. पुढे बाप्तिस्मे झाले की नाही हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

हे लोक महाराष्ट्रात कधी आले होते का?

फार पूर्वी आले होते, आणि ही गोष्ट युटातल्या लोकांनाही सहसा ठाऊक नसते. 1851 मध्ये कलकत्त्यात या चर्चचे पहिले प्रचारक आले. 1852 मध्ये ह्यू फिंडले हे ब्रिटनमधून मुंबईत आले. नंतर ते पुण्याला गेले. छावणीच्या हद्दीत प्रचार करायला लष्करी अधिकाऱ्यांनी मनाई केली, इतर पंथांच्या पाद्र्यांनी विरोध केला, तरी 1853 मध्ये पुण्यात एक छोटी मंडळी उभी राहिली. त्या काळी जे थोडे लोक या पंथात आले त्यांत युरोपीय अधिक होते. काही वर्षांतच बहुतेक प्रचारक परतले आणि काम थांबले. म्हणजे सॉल्ट लेक सिटी वसून जेमतेम पाच वर्षे झाली होती, तिच्या रस्त्यांवर धूळ उडत होती, आणि तेव्हा या पंथाचा एक माणूस पुण्यात आपला धर्म सांगत होता.

आजच्या काळात 1993 मध्ये बंगळूरु येथे मिशन सुरू झाले आणि 2007 मध्ये दिल्ली येथे दुसरे. चर्चचा भारतातील जोर दक्षिणेत आहे: हैदराबादला 2012 मध्ये देशातील पहिला स्टेक स्थापन झाला, आणि बंगळूरु येथे मंदिर बांधण्याची घोषणा 2018 मध्ये झाली. फिलिपिन्सशी तुलना केली तर हे सारे लहान आहे. तेथे मिशनरी 1961 पासून सलग काम करत आहेत आणि सदस्यसंख्या आठ लाखांवर गेली आहे.

पुन्हा येऊ नका हे कसे सांगावे? आणि आमच्या मुलांचे काय?

सरळ सांगावे. 'आम्हाला आमचा धर्म पुरेसा आहे, परंतु तुम्ही पाणी पिऊन जा' एवढे म्हटले तर आमच्या अनुभवात कोणीही वाईट मानलेले नाही. 'पुढच्या आठवड्यात बघू' हे आपल्याकडचे सभ्य नकाराचे वाक्य मात्र येथे वापरू नये; ती मुले पुढच्या आठवड्यात खरोखर येतात. अठरा वर्षांखालील मुलाला पालकांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा दिला जात नाही. मुले शेजारच्या मित्रांबरोबर चर्चच्या बास्केटबॉलला जातातच, आणि न पाठवण्याचे काही कारण आम्हाला तरी दिसले नाही.

परतल्यावर काय होते?

विमानतळावर फुगे, फलक आणि रडारड असते. मात्र त्या क्षणी मुलगा अजून मिशनरीच असतो. त्याच दिवशी स्टेक प्रेसिडेंट त्याला या कामातून मुक्त करतात आणि तो बिल्ला काढतो. अनेकांना सर्वांत जड जाणारा क्षण हाच असतो. त्यानंतर तो एकटा खोलीत बसू शकतो, गाणी ऐकू शकतो, मुलीला जेवायला नेऊ शकतो, आणि यांपैकी प्रत्येक गोष्टीची त्याला काही आठवडे भीती वाटते.

शेजारचा मुलगा परतल्यानंतर दुसऱ्या सकाळी आमच्याकडे आला. जाण्यापूर्वी माझ्या आईने त्याला वरणभात हाताने कालवून खायला शिकवले होते, कारण फिलिपिन्समध्येही हाताने जेवतात असे त्याने कोठेतरी वाचले होते. आता तो बोटांच्या टोकांनी, ताटाबाहेर एक शीत न सांडता जेवला. मध्येच दोनदा त्याने मान वळवून मागे पाहिले. कोणाला शोधतोस असे विचारल्यावर तो ओशाळून म्हणाला, "जोडीदाराला."

त्याच्या आईने सांगितले की वरच्या मजल्यावर चांगला शॉवर असताना तो अजून गॅरेजमधली बादली वापरतो. ती विचारत होती की असे किती दिवस चालेल. माझी आई तोवर भारतात परतली होती, म्हणून तिला फोन लावून दिला.